सध्या वाचतोय: ब्रह्मदेशची मोहीम, स्लिमचं पुस्तक आणि त्याच्या जोडीला लागणारी बाकीची पुस्तकं

युद्धाच्या इतिहासाचं वेड असलेली दोन माणसं भेटली की हवापाण्याच्या गप्पा होत नाहीत, थेट विचारतात, सध्या काय चालूये वाचायला? माझं सध्या दुसऱ्या महायुद्धातली ब्रह्मदेशची मोहीम चालूये, आणि मधोमध एक पुस्तक ठेवलंय, फील्ड मार्शल विल्यम स्लिमचं 'डिफीट इन्टू व्हिक्टरी'. १९५६ ला आलेलं पुस्तक आहे, सेनापतींनी लिहिलेल्या आठवणींमध्ये याच्या तोडीचं दुसरं मला तरी सापडलेलं नाही, त्यामुळे पाचपैकी पाच आधीच देऊन टाकतो. पण हे पुस्तक एकटं वाचू नका, हे सांगायलाच एवढं लिहायला बसलोय. कुठलंच युद्धाचं पुस्तक एकटं वाचू नये असं माझं पक्कं मत आहे. सेनापतीचं वाचलं की त्याच लढाईतल्या शिपायाचं वाचायचं, एका बाजूचं वाचलं की समोरच्याचं वाचायचं, आणि मग परत पहिल्याकडे यायचं, तेव्हा कुठे ती लढाई नीट दिसायला लागते.

आधी मुख्य पुस्तक. स्लिम मार्च १९४२ मध्ये ब्रह्मदेशात पोचला तेव्हा सगळं हातातून गेलेलंच होतं. २३ फेब्रुवारीला सितांग नदीवरचा पूल इंग्रजांनी स्वतःच उडवला होता आणि १७ व्या इंडियन डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या काठावर अडकला होता, ८ मार्चला रंगून जपान्यांच्या ताब्यात गेलं, आणि रंगून गेलं म्हणजे बंदर गेलं, बंदर गेलं म्हणजे कुमक आणि रसद दोन्ही बंद. अशा वेळी त्याच्या हातात बर्मा कोअर, म्हणजे ब्रह्मदेशात उरलेल्या डिव्हिजनची एकत्र फौज, दिली आणि त्यानं पुढचे दोन महिने फक्त माघार घेतली, नऊशे-हजार मैलांची, येनानग्याऊंगच्या तेलविहिरी स्वतः पेटवून देत, चिंदविनच्या काठावर रणगाडे आणि गाड्या सोडून देत, पावसाळा डोक्यावर असताना इंफाळपर्यंत. फौज इंफाळला पोचली तेव्हा अंगावर चिंध्या होत्या, पण हातातली शस्त्रं सोडलेली नव्हती आणि रांगा मोडलेल्या नव्हत्या, हे तो ज्या अभिमानानं लिहितो ते वाचताना आपलाच ऊर भरून येतो. इथे उगाच अलंकारिक काही नाही, साधी सरळ वाक्यं. स्लिम तरुणपणी अँथनी मिल्स या टोपणनावानं मासिकांत गोष्टी लिहायचा, ती हातोटी पानोपानी जाणवते.

या पुस्तकाची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे माणूस स्वतःच्या चुका झाकत नाही. सेनापतींच्या आठवणी म्हणजे बहुतेक वेळा वकिली कैफियत असते, विजय माझा आणि पराभव वरच्याचा किंवा शेजारच्याचा. स्लिम तसं करत नाही. १९४४ च्या मार्चमध्ये जपान्यांची चढाई येणार हे त्याला माहीत होतं, पण इंफाळच्या दक्षिणेच्या तिद्दीमच्या रस्त्यावरून १७ व्या डिव्हिजनला मागे घ्यायचा निर्णय उशिरा झाला हे तो कबूल करतो. कोहिमावर फार तर एक रेजिमेंट येईल असा त्याचा अंदाज होता, प्रत्यक्षात जपानची ३१ वी डिव्हिजन सबंधच्या सबंध चालून आली. आपला अंदाज चुकला, आणि कोहिमातल्या मूठभर लोकांनी जीव तोडून लढून ती चूक निस्तरली, असं तो लिहितो. ज्या लढाईनं त्याचं नाव झालं त्याच लढाईबद्दल असं लिहायला मोठं मन लागतं.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, म्हणजे डास, ताग आणि होड्या. हसू नका, पुस्तकाचा जीव तिथेच आहे. १९४३ मध्ये चौदाव्या सैन्यात, म्हणजे ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या स्लिमच्या फौजेत, जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका माणसामागे १२० माणसं आजारी पडून मागे जात होती. एकास एकशेवीस. मलेरिया, हगवण, स्क्रब टायफस. म्हणजे जपानी फौजेनं एक गोळी झाडली नसती तरी हे सैन्य काही महिन्यांत संपलं असतं. मग स्लिमनं काय केलं तर मलेरियाच्या पेशंटला दूर भारतातल्या हॉस्पिटलात पाठवून महिनोन् महिने गमावण्यापेक्षा आघाडीच्या मागे थोड्याच मैलांवर उपचाराची ठिकाणं उभी केली, म्हणजे माणूस काही आठवड्यांत परत पलटणीत. आणि मलेरिया रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या रोज घेतल्याच पाहिजेत असा हुकूम काढला. शिपाई गोळ्या टाळायचे, कसल्या कसल्या अफवा होत्या त्याबद्दल, तेव्हा यानं अचानक तपासण्या सुरू केल्या, अख्ख्या तुकडीची तपासणी करायची आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी गोळी घेतलेली निघाली की तिथल्या तिथे कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचं. तिघांना काढावं लागलं, तेवढ्यात बाकीच्यांना समजायचं ते समजलं. शिक्षा शिपायाला केली नाही, त्याच्या साहेबाला केली, यातच नेतृत्वाचा अख्खा धडा आला. १९४५ पर्यंत आजाराचं प्रमाण दिवसाला हजारी एकवर आलं होतं.

तागाचं असं, की रसद विमानातून टाकायची तर पॅराशूट लागतात, आणि रेशमी पॅराशूट मिळायची शक्यता नव्हती कारण ब्रह्मदेशची आघाडी सगळ्या आघाड्यांच्या यादीत शेवटची होती. मग त्याच्या रसदखात्याचा प्रमुख जनरल स्नेलिंग आणि कलकत्त्याच्या ताग गिरण्या यांनी मिळून तागाचीच पॅराशूट बनवली, पॅराज्यूट. माणूस उतरवायला उपयोगाची नव्हती पण तांदळाची आणि दारूगोळ्याची खोकी आरामात उतरायची, आणि खर्च तर नेहमीच्या पॅराशूटच्या पासंगालाही पुरणार नाही इतका कमी. तोच ताग डांबरात भिजवून त्याच्या पट्ट्या रस्त्यांवर आणि धावपट्ट्यांवर अंथरल्या, पावसाळ्यात विमानं उतरावीत म्हणून. कलेवाला चिंदविनच्या काठावर जंगलातली झाडं तोडून होड्या बांधायचा कारखानाच सुरू केला, आणि डिसेंबर १९४४ मध्ये तिथेच ११५४ फुटांचा बेली पूल, म्हणजे सुटे लोखंडी भाग जोडून उभा करायचा पूल, टाकला, तेव्हाचा जगातला सगळ्यात लांब बेली पूल. हे सगळं वाचताना लढाईचं पान कधी येतंय असं एकदाही वाटत नाही, कारण हीच लढाई आहे हे तोवर कळून चुकलेलं असतं.

अजून एक छोटी गोष्ट, पण मला फार भावली. पुढच्या तुकड्यांना काही कारणानं अर्ध्या शिध्यावर ठेवावं लागलं की स्लिम आपल्या हेडक्वार्टरलाही अर्ध्या शिध्यावर ठेवायचा. त्यानं आघाडीवरच्या माणसाच्या पोटात दोन घास जास्त पडत नव्हते हे त्यालाही माहीत होतं. पण हेडक्वार्टरमधल्या तरुण स्टाफ ऑफिसरांना भुकेची आठवण राहिली की रसद पोचवायची घाई आपोआप वाढते. सैन्याचं मनोबल यावर त्यानं जे प्रकरण लिहिलंय ते तर वेगळं काढून ठेवण्यासारखं आहे, कुठल्याही ऑफिसात, कारखान्यात, शाळेत माणसं सांभाळणाऱ्यानं वाचावं.

आणि मग १९४५. जपानी सेनापती किमुरानं इरावतीच्या पलीकडे मागे सरकून तिथे लढायचं ठरवलं तेव्हा स्लिमनं आपली आधीची योजना मोडून नवीन केली. एक कोअर मंडालेच्या उत्तरेला आणि पश्चिमेला नदी ओलांडतेय असं दाखवायचं, आणि दुसरी, मेसर्वीची चौथी कोअर, गांगाव खोऱ्यातून गुपचूप दक्षिणेला नेऊन थेट मेइक्तिला गाठायचं, जिथे जपान्यांची सगळी गोदामं आणि धावपट्ट्या होत्या. चौथी कोअर अजून जुन्या जागीच आहे असं वाटावं म्हणून खोटं हेडक्वार्टर उभं करून त्याचे वायरलेस संदेश चालू ठेवले होते. मार्चच्या सुरुवातीला मेइक्तिला पडलं, २० मार्चला मंडाले, आणि ३ मे ला रंगून. नकाशा समोर उघडा ठेवून हा भाग वाचा, अंगावर काटा येतो.

उणिवा आहेत का? आहेत. पहिली म्हणजे तुकड्यांची आणि गावांची नावं धो धो कोसळतात, नवख्या वाचकाला पहिली शंभर पानं जड जातील. दुसरी, जनरल विंगेट आणि जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या त्याच्या चिंडिट्स फौजेबद्दल स्लिमचं मत कडक आहे, असल्या खास फौजा म्हणजे चांगली माणसं नेहमीच्या पलटणींतून काढून घेणं, उद्या झाडावर चढायचं काम आहे म्हणून झाडावर चढणाऱ्यांची वेगळी रॉयल कोअर काढाल का, असा त्याचा एकूण सूर आहे. मला ते बरंचसं पटतं, पण विंगेट २४ मार्च १९४४ ला विमान कोसळून गेला, त्याला उत्तर द्यायची संधी मिळाली नाही, हे लक्षात ठेवून वाचावं. तिसरी उणीव म्हणजे एक मोठं मौन. मे १९४५ मध्ये रंगून घेतल्यावर लगेच स्लिमचा वरिष्ठ ऑलिव्हर लीस यानं त्याला चौदाव्या सैन्यावरून हटवायचा घाट घातला होता, विजय मिळवून दिलेल्या सेनापतीला, आणि प्रकरण इतकं अंगाशी आलं की शेवटी लीसच गेला आणि त्याची जागा स्लिमला मिळाली. पुस्तकात यातलं काही नाही. सभ्यपणा म्हणून ठीक आहे, पण इतिहास म्हणून ते हवंच, त्यासाठी रोनाल्ड लुईननं १९७६ ला लिहिलेलं स्लिमचं चरित्र बघा.

आता जोडीची पुस्तकं, आणि पहिलं नाव बिनदिक्कत लुई ॲलनच्या 'बर्मा: द लाँगेस्ट वॉर' चं, १९८४ चं. ॲलन स्वतः त्या मोहिमेत जपानी भाषा जाणणारा इंटेलिजन्स ऑफिसर होता, नंतर त्यानं जपानी बाजूची साधनं वाचून अख्खी मोहीम दोन्हीकडून लिहिली. हे का वाचायचं ते एका उदाहरणानं सांगतो. कोहिमाला वेढा घालणारा जपानी सेनापती सातो. स्लिम त्याच्याबद्दल लिहितो की हा माणूस अगदीच कल्पनाशून्य, कोहिमापाशी थोडी फौज ठेवून बाकीची घेऊन पुढे दिमापूर गाठलं असतं तर रेल्वे आणि रसदीचं सगळ्यात मोठं भांडार त्याच्या हातात पडलं असतं, पण हा आपला कोहिमावरच डोकं आपटत बसला. इतकं की विमानदलाचे काही अधिकारी सातोच्या हेडक्वार्टरवर बॉम्ब टाकायचा बेत करत होते तर स्लिमनं त्यांना थांबवलं, म्हणाला हा माझा सगळ्यात उपयोगी सेनापती आहे, राहू दे. मजेदार गोष्ट आहे आणि स्लिम फक्त वाचला तर आपणही सातोला मूर्ख ठरवून पुढे जातो.

जपानी बाजू वाचली की चित्र पार बदलतं. सातोचा वरिष्ठ मुतागुची याला दिमापूर हवंच होतं, त्यानं सातोला तिकडे निघायला सांगितलंही होतं, पण त्याच्याही वर बसलेल्या कावाबेनं ते नामंजूर केलं, दिमापूर आपल्या ठरलेल्या उद्दिष्टात बसत नाही म्हणून. म्हणजे स्लिमला वाटत होतं की सातोला सुचलं नाही, आणि तिकडे वरच्या दोघांत ओढाताण चालली होती. त्यात ही फौज निघाली होती तीन आठवड्यांच्या शिध्यावर, पुढचं इंग्रजांच्या गोदामांतून मिळेल या भरवशावर. ती गोदामं मिळाली नाहीत, मागून काही आलं नाही, सातो तारांवर तारा करत राहिला आणि शेवटी मे संपता संपता त्यानं हुकूम धुडकावून आपली डिव्हिजन मागे फिरवली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या कमांडरनं असं करणं म्हणजे केवढी गोष्ट! २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला आणि मग ती भयानक माघार, ज्यात गोळीपेक्षा भुकेनं आणि रोगानं जास्त जपानी सैनिक मेले. हे सगळं कळल्यावर स्लिमच्या पुस्तकातलं ते सातोचं पान परत उघडलं तर तेच पान वेगळंच वाचलं जातं, आणि स्लिमबद्दलचा आदर जराही कमी होत नाही, फक्त समोरच्या टेकडीमागे काय चाललंय हे सेनापतीला किती थोडं दिसतं ते कळतं.

शिपायाच्या बाजूनं वाचायचं तर जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझरचं 'क्वार्टर्ड सेफ आउट हिअर', १९९२ चं. हा एकोणीस वर्षांचा पोरगा, बॉर्डर रेजिमेंटमध्ये, त्याच १७ व्या इंडियन डिव्हिजनमध्ये जी सितांगला अडकली होती, आता १९४५ मध्ये मेइक्तिलाकडे चाललेली. स्लिमच्या नकाशावर जो एक बाण आहे त्या बाणाच्या टोकाला हे आठ-दहा जण चालतायत. फ्रेझर मध्येमध्ये अधिकृत इतिहासातली वाक्यं देतो आणि मग त्या एका वाक्यात आपल्या सेक्शनचं काय झालं ते सांगतो, कोण पडलं, कोणाला चहा हवा होता, कोण कुरकुरत होता. एक साथीदार मारला गेल्यावर सेक्शनमधले सगळे गोळा होतात आणि त्याच्या सामानातल्या वस्तू उचलायला लागतात, वाचताना आधी धक्का बसतो की अरे हे काय चाललंय, मग लक्षात येतं की प्रत्येक जण त्याची वस्तू घेऊन आपली त्या जागी ठेवतोय. रडणं नाही, भाषण नाही. एवढंच. मी ते पान वाचून पुस्तक बाजूला ठेवलं होतं. दोन गोष्टींची तयारी ठेवा, संवाद कंब्रियाच्या गावठी इंग्रजीत आहेत त्यामुळे मोठ्यानं वाचले तरच कळतात, आणि जपान्यांबद्दलचा राग त्यानं पन्नास वर्षांनंतरही मवाळ केलेला नाही. मला वाटतं ते तसं ठेवलं हेच प्रामाणिक आहे. स्लिम त्यांच्यासमोर येऊन बोलतो तो प्रसंगही यात आहे, आणि ज्याच्याबद्दल आपण पाचशे पानं वाचली तो माणूस खालून कसा दिसत होता ते इथे कळतं.

मधल्या पायरीवरचं पुस्तक म्हणजे जॉन मास्टर्सचं 'द रोड पास्ट मंडाले', १९६१ चं. मास्टर्स गुरख्यांचा ऑफिसर, चिंडिट्सच्या १११ व्या ब्रिगेडची कमान त्याच्याकडे आली. मे १९४४, ब्लॅकपूल नावाचं ठाणं, पाऊस, चिखल, दारूगोळा संपलेला, ठाणं सोडायची वेळ. नेता येणार नाहीत आणि वाचणारही नाहीत असे १९ जखमी, आणि जपानी येण्याआधी त्यांचं काय करायचं हा निर्णय मास्टर्सला घ्यावा लागतो, आणि त्यांना गोळी घालायचा हुकूम तो देतो. हा भाग कुणाला वाचा म्हणून आग्रह करवत नाही, पण विंगेटच्या कल्पनेवर नकाशावर बोट ठेवून वाद घालणाऱ्या प्रत्येकानं वाचलाच पाहिजे. मोहीम संपताना ब्रिगेडची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा सुमारे २२०० पैकी ११८ माणसं लढायच्या लायकीची निघाली. स्लिमचं विंगेटबद्दलचं ते कडक मत आता परत आठवा.

चौदाव्या सैन्यात बहुसंख्य माणसं भारतीय होती हे सगळ्यांना माहीत असतं पण या इंग्रजी पुस्तकांत ती माणसं बोलताना फारशी ऐकू येत नाहीत. स्लिम स्वतः इंडियन आर्मीचा, गुरखा बटालियनचा माणूस, त्याच्या लिहिण्यात भारतीय सैनिकाबद्दल मनापासून माया आहे, पण तरी ती साहेबाची माया. म्हणून श्रीनाथ राघवन यांचं 'इंडियाज वॉर', २०१६ चं. सक्तीची भरती न करता भारतीय सैन्य सुमारे २ लाखांवरून २५ लाखांवर कसं गेलं, त्याचे पैसे कुठून आले, महागाई, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, हे सगळं त्यात आहे, आणि स्लिमच्या पिछाडीला जो अख्खा देश उभा होता त्याची काय अवस्था झाली ते समजतं. पुस्तक जरा अभ्यासू वळणाचं आहे, आकडे भरपूर, घाईत वाचायचं नाही. ज्यांना ते जड वाटेल त्यांनी रघु कर्नाडचं 'फार्देस्ट फील्ड' घ्यावं, २०१५ चं, आपल्याच कुटुंबातल्या युद्धात गेलेल्या तीन तरुणांचा शोध, फार सुंदर लिहिलंय. त्यात काही जागा लेखकानं कल्पनेनं भरल्यायत आणि तो ते लपवत नाही.

रसदीचं वेड लागलं असेल तर, आणि स्लिम वाचून ते लागतंच, पुढचं पुस्तक मार्टिन व्हॅन क्रेवेल्डचं 'सप्लाइंग वॉर', १९७७. सतराव्या शतकातल्या वॉलनस्टाइनपासून दुसऱ्या महायुद्धातल्या पॅटनपर्यंत सैन्यं खात काय होती आणि ते यायचं कुठून, एवढाच विषय. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या जर्मन सेनापती रोमेलवरचं प्रकरण आधी वाचा. भूमध्य समुद्रात जहाजं बुडाली म्हणून रोमेल हरला असं आपण ऐकत आलोय, क्रेवेल्ड म्हणतो खरी अडचण बंदरापासून आघाडीपर्यंतच्या अंतराची होती, वाळवंटातून शेकडो मैल जाणारे ट्रक स्वतःच किती पेट्रोल पितात ते बघा. त्याचे सगळे निष्कर्ष सर्वमान्य नाहीत, जॉन लिन यांनी 'फीडिंग मार्स' मध्ये त्याच्या आकडेमोडीवर चांगलीच हरकत घेतलीय, तेही शेजारी ठेवा. आणि मराठी वाचकानं हे वाचून झालं की त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' परत काढावंच. कुंजपुरा घेतल्यावर हाती लागलेलं धान्य, मग अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडले आणि रसदीची शेवटची आशा गेली, १४ जानेवारीला उपाशी फौज बाहेर पडली. लहानपणापासून आपण ही लढाई शौर्याची म्हणून ऐकलेली असते, क्रेवेल्ड नुकताच वाचलेला असेल तर नजर आपोआप धान्याच्या गाड्यांवर जाते.

आरमाराची आवड असणाऱ्यांसाठी थोडक्यात, पार्शल आणि टली यांचं 'शॅटर्ड स्वोर्ड', २००५, पॅसिफिकमधल्या मिडवेच्या अमेरिका-जपान लढाईवर. जपानी विमानवाहू जहाजांच्या डेकवर हल्ल्याची विमानं उड्डाणाला सज्ज होती आणि पाच मिनिटांनी घात झाला ही जपानी वैमानिक फुचिदानं सांगितलेली गोष्ट कित्येक वर्षं सगळ्या पुस्तकांत होती, या दोघांनी जपानी जहाजांवर विमानं कुठे भरायची, वर आणायला किती वेळ लागायचा, ४ जून १९४२ च्या सकाळी कुठलं विमान कधी उतरलं याचा हिशोब मांडून ती मोडीत काढली. एक नंबर पुस्तक. फुचिदाचं आधी वाचून मग हे वाचलं तर दुप्पट मजा. आणि जॉन कीगनचं 'द फेस ऑफ बॅटल', १९७६, एव्हाना सगळ्यांनी वाचलेलं असेलच, नसेल तर त्यातलं फक्त ॲजिनकोर्टचं प्रकरण वाचून बघा, पुढचं आपोआप वाचाल.

घेण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. ही पुस्तकं शक्यतो कागदावरच घ्या. ईबुकमध्ये नकाशे इतके बारीक येतात की नदी कुठली आणि रस्ता कुठला ते कळत नाही, मोठं करायला गेलं तर अक्षरं फुटतात, आणि नकाशाशिवाय स्लिम वाचणं म्हणजे अर्धा स्लिम वाचणं. फ्रेझर आणि कर्नाड मात्र ईबुकवर आरामात होतात, तिथे नकाशाचं काम फारसं नाही. ऑडिओबुक मला या विषयात चालत नाही, डिव्हिजनचे नंबर कानावरून निघून जातात. स्लिमची छापील प्रत घेतली तरी ब्रह्मदेशचा एक मोठा नकाशा वेगळा शेजारी ठेवाच, इंफाळ, कोहिमा, दिमापूर, तिद्दीम, कलेवा, मेइक्तिला, मंडाले, एवढी सात ठिकाणं पेन्सिलीनं गोल करून ठेवली की निम्मं काम झालं. वाचायचा क्रम विचाराल तर नवख्यानं आधी फ्रेझर, मग स्लिम, मग ॲलन. ज्यांनी दुसऱ्या महायुद्धावर बरंच वाचलंय त्यांनी थेट स्लिमपासून सुरू करावं आणि कोहिमाचं प्रकरण आलं की तिथे थांबून ॲलनमधला तोच भाग वाचून परत यावं.

माझ्याकडे आता पुढची पाळी काझुओ तामायामा आणि जॉन नननेली यांनी संपादित केलेल्या जपानी सैनिकांच्या आठवणींची आहे, 'टेल्स बाय जपानीज सोल्जर्स'. फ्रेझरच्या समोरच्या खंदकात जे होते त्यांचं त्यांच्याच तोंडून, ब्रह्मदेशात उतरल्यापासून ते पार शेवटच्या माघारीपर्यंत. याच्या जोडीला चौदाव्या सैन्यातल्या एखाद्या साध्या जवानानं, ऑफिसरनं नव्हे, मराठीत किंवा हिंदीत लिहिलेल्या आठवणी कुणाच्या वाचनात आल्या असतील तर नाव नक्की सांगा, तेवढी एकच बाजू या सगळ्या ढिगाऱ्यात कमी पडतेय.